रिपोर्टमधलं 'वयानुरूप'

मागच्या वर्षी मला दोन आठवडे चक्कर येत होती. चक्कर म्हणजे अंथरुणात कूस बदलली की छत गरागरा फिरायचं, दहा-पंधरा सेकंद, मग सगळं परत जागच्या जागी. ती शेवटी कानातली निघाली, आतल्या कानात कॅल्शियमचे बारीक कण असतात ते जागा सोडून भलत्या नळीत शिरले की असं होतं म्हणे, डॉक्टरांनी मान एका बाजूला वळवून झोपवलं, परत दुसरीकडे वळवलं, उठवून बसवलं, झालं. पण कानाचा संशय कुणाला यायच्या आधीच माझा मेंदूचा एमआरआय काढून झालेला होता. आणि एकदा एमआरआय काढला की रिपोर्ट येतो आणि पन्नाशीनंतर रिपोर्टमध्ये काही ना काही लिहिलेलं असतंच.

माझ्या रिपोर्टमध्ये होतं की दोन्ही बाजूंना व्हाइट मॅटरमध्ये (मेंदूच्या आतला पांढरा, तारांचा भाग) काही बारीक चमकते ठिपके दिसतायत, लहान रक्तवाहिन्यांमधले वयानुरूप बदल, फाझेकास ग्रेड १, म्हणजे ० ते ३ च्या मोजपट्टीवर १. माझं वय ५६. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "अहो मॅडम, वयाप्रमाणे आहे ते, काही नाही."

आता ही दोन वेगवेगळी वाक्यं आहेत की नाही? "वयाप्रमाणे आहे" आणि "काही नाही". केस पांढरे होणं वयाप्रमाणे आहे, मोतीबिंदूही वयाप्रमाणेच आहे, पण मोतीबिंदूला कुणी काही नाही म्हणत नाही. मला टोचलं त्याचं खरं कारण वेगळं होतं. दहा वर्षांपूर्वी, बाबा ७४ चे असताना, त्यांच्याही रिपोर्टमध्ये हाच शब्द होता. ग्रेड ३ होता, आणि तरी शब्द तोच. तेव्हा आम्ही कुणी काही विचारलं नाही, फाइल कपाटात ठेवून दिली. साठी बुद्धी नाठी असं आपण म्हणतोच, त्याचं हे डॉक्टरी भाषेतलं रूप असं समजून सोडून दिलं. यावेळी मात्र मी वाचायला बसले, आणि गेलं वर्षभर जमेल तसं वाचतेय. मी डॉक्टर नाही, जे समजलं ते माझ्या भाषेत लिहितेय, त्यामुळे यावरून कुणी औषधं बदलू नका.

आधी एक भाषेची कटकट. आपल्याकडे 'नस' हा एकच शब्द सगळ्याला चालतो. पाठीची नस दबली, हाताची नस सापडत नाही, हृदयाची नस ब्लॉक झाली. यातली पहिली म्हणजे मज्जातंतू, दुसरी शीर, तिसरी धमनी. म्हणून "मेंदूच्या नसा सुकल्या" असं कुणी म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं विचार करणाऱ्या तारा सुकल्या. इथे बोलायचंय ते त्या तारांबद्दल नाही, त्यांना रक्त पोचवणाऱ्या नळ्यांबद्दल, आणि त्यातही बारीक नळ्यांबद्दल. मानेतली मोठी धमनी, कॅरोटिड वगैरे आज विषयात नाही.

तर मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण शरीर आरामात असतानाही एकूण ऑक्सिजनपैकी २० टक्के हा एकटा खातो. आणि गंमत म्हणजे साठा जवळजवळ काहीच नाही. स्नायूत थोडीफार शिल्लक असते, लिव्हरमध्ये असते, मेंदू मात्र रोज कमवा रोज खा. रक्त पूर्ण थांबलं तर दहा सेकंदांच्या आत शुद्ध जाते. म्हणून तिथे केशवाहिन्यांचं जाळं इतकं दाट आहे की सगळ्या सरळ करून एकापुढे एक जोडल्या तर अंदाजे ६०० किलोमीटर भरतील. कुठलीही मेंदूची पेशी घ्या, तिच्यापासून सर्वात जवळची केशवाहिनी साधारण १५-२० मायक्रॉनवर, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतरावर. आणि ही नळी किती बारीक, तर पाच-सहा-सात मायक्रॉन, म्हणजे लाल रक्तपेशी ज्या साधारण साडेसात मायक्रॉनच्या असतात त्यांना आत जायला अंग चोरावं लागतं. घडी घालून, वाकून, एकामागे एक रांगेत. हे वाचल्यावर मी बराच वेळ नुसतीच बसले होते. म्हणजे आत्ता हे टाइप करताना माझ्या डोक्यात कोट्यवधी पेशी अशा वाकून चालल्यायत.

नळीची भिंतही साधी नाही. आतून एकाच थराचं अस्तर, त्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या की रक्तातली बहुतेक रसायनं मधून जाऊच शकत नाहीत. पॉल एर्लिश नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये प्राण्यांच्या रक्तात रंग सोडून पाहिला तर सगळे अवयव रंगले आणि मेंदू कोरडा राहिला. त्याला वाटलं मेंदूला तो रंग धरतच नसेल. मग १९१३ मध्ये त्याच्याच शिष्याने, एडविन गोल्डमनने, रंग उलट बाजूने म्हणजे मेंदूभोवतीच्या पाण्यात टाकला, तर मेंदू रंगला आणि बाकी शरीर कोरडं! म्हणजे मधे भिंत आहे. त्या अस्तराला बाहेरून मिठी मारून बसलेल्या पेशी असतात, पेरिसाइट, आणि त्याच्याही बाहेरून मेंदूच्या आधारपेशींचे पाय येऊन टेकलेले असतात.

हे सगळं कशासाठी, तर मागणी तसा पुरवठा. मेंदूचा जो कोपरा काम करायला लागतो त्याच कोपऱ्यातल्या बारीक धमन्या एक-दोन सेकंदांत सैल होतात आणि तिथे रक्त वाढतं. रॉय आणि शेरिंग्टन या दोघांनी हे १८९० मध्येच मांडलं होतं. आज आपण जे रंगीत मेंदूचे फोटो बघतो, 'गाणं ऐकताना मेंदूचा हा भाग उजळतो' वगैरे, त्या फंक्शनल एमआरआयमध्ये विचार दिसतच नाही हो, दिसतं ते रक्त. विचाराच्या मागोमाग धावत आलेलं रक्त.

आता वय वाढतं तेव्हा काय होतं. मला वाटायचं की बारीक नळ्यांचा प्रॉब्लेम बारीक नळ्यांतच सुरू होत असेल, पण त्याचं एक टोक थेट हृदयापाशी आहे. हृदयातून निघणारी महाधमनी तरुणपणी रबरासारखी असते, ठोका आला की फुगते आणि मग हळूच आकसते, त्यामुळे पुढे जाणारं रक्त धक्क्याधक्क्याने न जाता बऱ्यापैकी सलग जातं. हा लवचिकपणा देणारं प्रोटीन, इलास्टिन, ते बहुतेक सगळं लहानपणीच बनून जातं, मोठेपणी नवीन जवळजवळ बनतच नाही. मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाचे लाखभर होतात, तेवढ्या वेळा ते ताणायचं, वर्षानुवर्षं. शेवटी ते तुटतं, त्याची जागा कडक कोलॅजन घेतं, उन्हात राहिलेला बागेतला पाइप कसा होतो तसं. मग धक्का शोषणारं कुणी राहत नाही आणि तो तसाच पुढे जातो. बाकीच्या बऱ्याच अवयवांमध्ये मधल्या धमन्या आवळलेल्या असतात त्यामुळे धक्का अडतो, पण मेंदू आणि किडनी या दोघांना सतत भरपूर रक्त हवं असतं म्हणून त्यांची दारं कायम सताड उघडी, आणि धक्का सरळ आत. किडनी आणि मेंदू या दोघांच्या बारीक नळ्या बऱ्याचदा बरोबरीने बिघडतात ते यामुळे.

तो धक्का आणि बीपी वर्षानुवर्षं खाऊन बारीक धमन्यांच्या भिंतीतल्या स्नायूपेशी मरायला लागतात, त्यांच्या जागी काचेसारखा गुळगुळीत, कडक पदार्थ साचतो, भिंत जाड होते आणि आतली वाट अरुंद. काही धमन्या लांब होऊन नागमोडी होतात, वेटोळी घालतात. केशवाहिन्या तर काही ठिकाणी चक्क नाहीशा होतात, मागे नुसता रिकामा दोरा उरतो, ज्यातून रक्त जात नाही अशी नळीची साल. त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली बघणारे लोक खरंच 'दोरा-वाहिन्या' म्हणतात. पेरिसाइट कमी होतात. अस्तर नायट्रिक ऑक्साइड कमी बनवतं, जो वायू नळीला सैल हो म्हणून सांगतो, म्हणून पुरवठा मागणीच्या मागे पडायला लागतो. आणि ती एर्लिशची भिंत झिरपायला लागते. २०१५ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटाने जिवंत माणसांच्या एमआरआयमध्ये हे मोजलं, वयाबरोबर ही गळती आधी हिप्पोकॅम्पसमध्ये दिसते, म्हणजे नेमकं आठवणी साठवायच्या भागात.

पण सगळ्यात जास्त मार बसतो तो व्हाइट मॅटरच्या खोल भागाला. कालव्याचं पाणी शेवटच्या शेताला कसं मिळतं माहितीये ना, वरच्यांचं भागलं तर, तसं. मेंदूच्या पृष्ठभागावरून बारीक धमन्या खाली लांबवर जातात आणि या टोकाच्या भागात संपतात. एक बंद पडली तर शेजारची मदतीला येईल असा जोडही फारसा नाही. आणि तिथे पेशी कमी, त्यांच्या केबली जास्त. म्हणजे मेंदूचे निरनिराळे भाग एकमेकांशी ज्या तारांवरून बोलतात त्या तारा या शेवटच्या शेतातून जातात. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे बाबांबद्दल लिहीन तेव्हा लागेल.

आता रिपोर्टमधले ठिपके. मला सगळ्यात मोठा धक्का इथे बसला. रिपोर्ट म्हणतो लहान रक्तवाहिन्यांचे बदल, पण रेडिओलॉजिस्टला त्या रक्तवाहिन्या दिसलेल्याच नसतात! नेहमीच्या एमआरआयमध्ये त्या इतक्या बारीक असतात की दिसणं शक्यच नाही. दिसते ती भिंतीवर आलेली ओल, आणि त्यावरून अंदाज की आत पाइप गळत असणार. ओल खूप प्रकारची असते, पांढरे ठिपके, जुने भरून आलेले छोटे खड्डे ज्यांना लॅक्यून म्हणतात, लोहाचे काळे बिंदू म्हणजे कधीतरी झालेले सूक्ष्म रक्तस्राव, आणि रक्तवाहिन्यांभोवतीच्या मोकळ्या जागा रुंद झालेल्या. काळे बिंदू कुठे आहेत हेही बघतात म्हणे, खोलवर असतील तर बहुतेक बीपीचे, आणि वरच्या सालीजवळ असतील तर संशय वेगळा, रक्तवाहिनीच्याच भिंतीत अमायलॉइड नावाचं प्रोटीन साचल्याचा. हो, तेच अमायलॉइड जे अल्झायमरमध्ये मेंदूत साचतं. त्यामुळे नळी ठिसूळ होते. अल्झायमरची जी नवी अँटिबॉडी औषधं आलीयत ती सुरू करायच्या आधी एमआरआयमध्ये हे बिंदू मोजतात ते याच भीतीने.

खड्डे १९व्या शतकातल्या फ्रेंच डॉक्टरांनी शवविच्छेदनात बघितले होते, तेव्हा एमआरआय कुठला. बिन्सवांगरने १८९४ मध्ये व्हाइट मॅटर झिजलेले मेंदू पाहून लिहिलं. कॅनडाचे मिलर फिशर यांनी तर १९५०-६० च्या दशकांत एकेका खड्ड्याशी पोचणारी धमनी शेकडो पातळ काप काढून शोधत बसायचं असलं किचकट काम केलं, आणि भिंतीची ती काचेसारखी अवस्था नीट दाखवली. पांढऱ्या ठिपक्यांना १९८७ मध्ये हाचिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुद्दाम एक गोलमाल ग्रीक नाव दिलं, ल्युकोअरायोसिस, म्हणजे जेमतेम 'पांढऱ्याची विरळता'. मुद्दाम अशासाठी की कारण माहीत नसताना नावात कारण घुसडू नये. मला हा प्रामाणिकपणा फार आवडला. त्याच वर्षी फाझेकास यांची ० ते ३ अशी मोजपट्टी आली. १ म्हणजे सुटे ठिपके, २ म्हणजे ठिपके एकमेकांना भिडायला लागले, ३ म्हणजे मोठे एकसंध पट्टे. नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमला ६० ते ९० वयाच्या हजारावर लोकांचा एमआरआय काढला होता, त्यात एकही ठिपका नाही असे फक्त ५ टक्के निघाले. म्हणजे माझे डॉक्टर चुकीचं बोलत नव्हते. बऱ्याच जणांना असतं हे खरंच आहे.

पण बऱ्याच जणांना असतं म्हणजे वयामुळे असतं का? इथे मला रूझवेल्ट आठवले.

अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट. १९३५ मध्ये बीपी १३६/७८, १९३७ मध्ये १६२/९८, १९४१ मध्ये १८८/१०५. त्यांचे खासगी डॉक्टर होते नौदलाचे, कान-नाक-घशाचे, ते सगळ्यांना सांगत की त्यांच्या वयाच्या मानाने साहेबांची तब्येत उत्तम आहे. बघा, वयाच्या मानाने! त्या काळी बऱ्याच डॉक्टरांचं मतच होतं की वय झालं की धमन्या कडक होतात, मग त्यातून रक्त ढकलायला बीपी वाढायलाच हवं, ते उतरवणंच धोक्याचं. बरं उतरवायला धड औषधंही नव्हती. १२ एप्रिल १९४५ ला ते डोकं भयंकर दुखतंय म्हणाले आणि कोसळले, मेंदूत रक्तस्राव, तेव्हा बीपी ३००/१९० मोजलं गेलं. वय ६३. त्यानंतर तीन वर्षांनी, १९४८ मध्ये, अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात ५२०९ लोकांना वर्षानुवर्षं तपासत राहायचा तो प्रसिद्ध अभ्यास सुरू झाला, आणि 'वयाप्रमाणे' वाढलेलं बीपीसुद्धा माणसं मारतं हे त्यातून हळूहळू पुढे आलं.

अजून एक. अ‍ॅमेझॉनच्या जंगलातले यानोमामी लोक, ज्यांच्या जेवणात मीठ जवळजवळ नसतंच, त्यांचं बीपी वयाबरोबर वाढतच नाही. सरासरी ९५/६१ च्या आसपास, तरुण असो वा म्हातारा. म्हणजे आपल्याकडे जे 'वयानुरूप' आहे ते तिथे वयानुरूप नाहीच.

हे वाचल्यावर मी थिअरी करून टाकली की हे वयबिय काही नसून सगळं साचलेलं बीपी आहे, वय म्हणजे नुसतं मीटर. घरी दोन दिवस सगळ्यांना हेच ऐकवलं. शिवाय पाठीशी स्प्रिंट होता, अमेरिकेतली मोठी ट्रायल, ५० च्या वरचे ९३६१ लोक, निम्म्यांचं वरचं बीपी १४० च्या आत ठेवायचं आणि निम्म्यांचं १२० च्या आत. २०१९ मध्ये त्याचे मेंदूचे निकाल आले, १२० वाल्यांमध्ये सौम्य विस्मरणाचा धोका १९ टक्क्यांनी कमी, आणि एमआरआयमध्ये पांढरे डाग वाढण्याचा वेगही कमी. आता खरं सांगायचं तर डिमेन्शिया मात्र आकड्यात कमी दिसला तरी नक्की कमी झाला असं म्हणण्याइतका फरक नव्हता. आणि डाग दोन्ही गटांत वाढलेच, एकात जास्त, एकात कमी.

मग माझ्या थिअरीला पंक्चर मिळालं. स्कॉटलंडमधले, सगळे १९३६ मध्ये जन्मलेले, सत्तरी ओलांडलेले कित्येकशे लोक तपासून २०१४ मध्ये कुणीतरी हिशेब मांडला की माणसामाणसांत डागांचा जो फरक आहे त्यातला बीपी, डायबिटीस, कोलेस्टेरॉल, सिगरेट या सगळ्यांनी मिळून किती समजावता येतो. उत्तर, सुमारे २ टक्के. दोन! मी ते तीनदा वाचलं. आणि जुळ्यांच्या आणि कुटुंबांच्या अभ्यासात डागांचं प्रमाण अर्ध्याहून जास्त आनुवंशिक निघतं. काही घराण्यांत तर नॉच३ या एकाच जीनमधल्या बिघाडाने ऐन तिशी-चाळिशीत हे सगळं सुरू होतं, बीपी नॉर्मल असलं तरी.

आता हे आणि स्प्रिंट दोन्ही एकाच वेळी खरं कसं? मला जे पटलं ते असं, की सत्तरीत एकदा मोजलेलं बीपी म्हणजे चाळिशीपासूनच्या तीस वर्षांचा हिशेब नव्हे, आणि जे जवळजवळ सगळ्यांनाच थोडंफार आहे त्याने माणसामाणसांतला फरक समजत नाही, पण ते कमी केलं तर सगळ्यांनाच थोडा फायदा होतो. सगळेच ओलीत राहतात, पण कुणाची भिंत आधीच भुसभुशीत असते. मला कसली भिंत मिळालीय ते बाबांच्या रिपोर्टवरून थोडंफार कळतंच.

बाबा. तर त्यांचं विसरणं कधीच मोठं नव्हतं. आम्ही सगळे विस्मरणाची वाट बघत बसलो, डिमेन्शिया म्हणजे तेच असं डोक्यात पक्कं होतं ना, आणि जे येत होतं ते दुसऱ्याच दाराने आलं. आधी ते हळू झाले. प्रश्न विचारला की उत्तर बरोबर यायचं पण मधे एक मोठा श्वास जावा इतकी जागा. आम्ही घाईने दुसरा प्रश्न विचारायचो, मग दोन्ही राहायचे. एखादं नाव आठवत नसलं तर पहिलं अक्षर सांगितलं की लगेच सापडायचं, म्हणजे वस्तू कपाटात होती, फक्त कपाटापर्यंत जायचा रस्ता खराब. बँकेची कामं, जी त्यांनी आयुष्यभर केली, त्यात कुठून सुरुवात करायची हेच सुचेनासं झालं. मग चाल बदलली, पावलं छोटी, जमिनीला चिकटल्यासारखी, आणि चालता चालता बोलायला गेलं की ते थांबायचे. उभे राहायचे, उत्तर द्यायचे, मग पुढे. मला ते शिष्टाचार वाटायचा, मान देऊन ऐकतायत असं. नंतर वाचलं की हा चक्क एक निकष आहे, स्वीडनमधल्या डॉक्टरांनी १९९७ मध्ये लिहिलंय, जे वृद्ध बोलताना चालायचे थांबतात ते पुढे पडण्याची शक्यता जास्त. चालणं आणि बोलणं एकदम चालवायला ज्या तारा लागतात त्या नेमक्या त्या शेवटच्या शेतातून गेलेल्या.

आणि पडलेच ते. दोनदा.

सगळ्यात वाईट वाटतं ते त्यांच्या गप्प बसण्याचं. पेपर उघडायचे नाहीत, कुणी आलं तरी उठून बाहेर यायचे नाहीत, आणि आम्ही, मीच जास्त, त्यांना म्हणायचो, बाबा, जरा उत्साह दाखवा, नुसते बसून राहू नका. त्याला अपथी म्हणतात, तोही याच आजाराचा भाग आहे, उदास वाटणं वेगळं आणि हे वेगळं, यात माणूस दुःखी नसतो, फक्त सुरूच होत नाही. स्टार्टर गेलेल्या गाडीला ढकलायचं असतं, तिच्यावर ओरडून काय होणार. हे मला ८-९ वर्षं आधी कुणी सांगितलं असतं तर, जाऊ दे. रिपोर्टवर 'वयानुरूप' लिहिलेलं होतं ना, मग विचारणार कोण.

बरं, सगळे ग्रेड ३ वाले असे होत नाहीत हेही लिहायला हवं. डागांचे पट्टे घेऊन व्यवस्थित फिरणारी, बुद्धिबळ खेळणारी माणसं आहेत. आणि ग्रेड १ वरून फार काही भविष्य सांगता येत नाही, माझं तर नाहीच. काही लोकांचे डाग पुढच्या एमआरआयमध्ये थोडे कमी झालेलेही दिसतात, म्हणजे डागातला प्रत्येक भाग मेलेला नसतो, काही नुसती सूजही असू शकते.

आता मी काय करते ते विचाराल, कारण घरात सगळ्यांनी विचारलं. पहिली गोष्ट मी स्वतःच्या मनाने अ‍ॅस्पिरिन सुरू करणार होते, रक्त पातळ झालं की बारीक नळ्यांतून बरं जाईल असं साधं लॉजिक. डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितलं, स्ट्रोक झालेला नसताना नुसत्या डागांसाठी ते देत नाहीत, उलट नळ्या ठिसूळ असतील तर रक्तस्रावाचा धोका. दुसरं, बीपीचं मशीन आणलं. मोजायची पण पद्धत असते, पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, आणि मोजताना बोलायचं नाही, जे आमच्या घरात फार अवघड आहे. दवाखान्यात माझं बीपी १३० असायचं आणि सगळे खूश असायचे, घरी पहाटे १४६. दवाखान्यात बरं दिसणारं आणि घरी जास्त असणारं बीपी, हा मुखवटा माहीतच नव्हता. मग गोळी सुरू झाली.

बाबांचं मात्र उलट झालंय आणि हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरात ८० च्या पुढचं माणूस आहे त्यांच्यासाठी लिहिते. मेंदू स्वतःकडे येणारं रक्त बीपी वरखाली झालं तरी बऱ्यापैकी स्थिर ठेवतो, पण अनेक वर्षं बीपी जास्त राहिलं की ही सगळी सेटिंग वर सरकते, मग एकदम खूप खाली आणलं तर त्याच टोकाच्या भागाला रक्त कमी पडू शकतं. बाबा सकाळी उठून उभे राहिले की त्यांचं बीपी २५-३० ने पडत होतं. डॉक्टरांनी त्यांची एक गोळी कमी केली. तेव्हा १२० चा आकडा वाचून घरच्या म्हाताऱ्या माणसाच्या गोळ्या वाढवायला जाऊ नका, उभं असतानाचंही बीपी मोजा आणि डॉक्टरांना सांगा.

झोपेबद्दलही खूप वाचलं. २०१२ मध्ये नेडरगार्ड या शास्त्रज्ञांच्या गटाने दाखवलं की रक्तवाहिन्यांच्या भोवतीच्या त्या मोकळ्या जागांतून पाणी वाहून मेंदूतला कचरा जातो, २०१३ मध्ये म्हणाले की उंदीर झोपले की हे जास्त चालतं, आणि मग सगळीकडे 'झोपेत मेंदू धुतला जातो' सुरू झालं. २०२४ मध्ये लंडनच्या गटाने उंदरांवरच उलटं दाखवलं, झोपेत हे कमी होतं. भांडण चालू आहे. मी आपली झोपते, धुतला गेला तर गेला.

आणि शेवटी एक करून बघितलं ज्याने मला खरं समाधान मिळालं. डोळ्याचा पडदा हा मेंदूचाच बाहेर आलेला तुकडा आहे, आणि शरीरातल्या मोजक्या जागांपैकी ही एक आहे जिथे बारीक रक्तवाहिन्या काही न कापता सरळ बघता येतात. एमआरआयवाल्याला जे दिसत नाही ते डोळ्याच्या डॉक्टरला टॉर्च लावून दिसतं. गेल्या महिन्यात थेंब घालून, बाहुली मोठी करून, फोटो काढून घेतला. स्क्रीनवर नारिंगी गोल, त्यात लाल फांद्या, फिकट त्या धमन्या, गडद त्या शिरा. डॉक्टरबाईंनी पेनाच्या टोकाने एक जागा दाखवली, जिथे धमनी शिरेवरून ओलांडून जाते, आणि तिथे शीर किंचित दाबल्यासारखी, चिमटीत धरल्यासारखी दिसत होती. "हे बीपीचं," त्या म्हणाल्या, "थोडंच आहे, जुनं असेल." मी विचारलं किती जुनं. "दहा-एक वर्षं तरी असावं."

मी फोटोची कॉपी मागून घेतली. रिपोर्ट टाइप करणारा मुलगा समोरच बसला होता, निष्कर्षाच्या रकान्यात त्याची बोटं आपोआप 'वया' इथपर्यंत गेली, तेवढ्यात बाईंनी त्याला थांबवलं आणि 'दीर्घकालीन उच्च रक्तदाबाच्या खुणा, सौम्य' असं लिहायला सांगितलं.

बाबांचीही अपॉइंटमेंट घेतलीय, पुढच्या गुरुवारी.